देवाला मुदत घालू नये

आदरणीय पाळकसाहेब,

माझ्या यजमानांची नोकरी जाऊन एकोणीस महिने झाले. घर सध्या माझ्या पगारावर ओढूनताणून चालते. या काळात तीन ठिकाणी ते शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोहोचले आणि तिन्ही ठिकाणी ऐन वेळी नकार आला. आम्ही दोघे रोज प्रार्थना करतो. मी मनातल्या मनात देवाला मुदत घालते: ईस्टरपर्यंत, मुलीच्या परीक्षेपर्यंत, नाताळापर्यंत. मुदत टळली की देवाने पुन्हा एकदा ‘नाही’ म्हटले असे मला वाटते. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मी पडल्या पडल्या हिशेब करीत राहते. ‘आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका’ हे वचन मला पाठ आहे. मी ती टाकते आणि अर्ध्या तासात परत उचलून घेते. मंडळीतले लोक म्हणतात, ‘धीर धरा, देवाची वेळ अचूक असते.’ आता ते वाक्य ऐकले की मला राग येतो आणि मग त्या रागाचीच भीती वाटते. गेल्या आठवड्यात मी यजमानांना बोलून गेले, ‘तुमचाच विश्वास उणा पडतो आहे.’ ते काहीच बोलले नाहीत.

आता एक नोकरी समोर आली आहे. ओळखीच्या एका गृहस्थांकडे गोदामाचा हिशेब पाहायचा आहे आणि पगार चांगला आहे. मात्र न आलेल्या मालाच्या पावत्यांवरही ‘माल मिळाला’ अशी सही अधूनमधून करावी लागेल, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. दहा दिवसांत उत्तर द्यायचे आहे. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, हे दार देवानेच उघडले आहे. माझी चिंता म्हणजे अविश्वास आहे का? धीर धरायचा म्हणजे रोज नेमके काय करायचे? आणि ही नोकरी घ्यावी का?

— एक भगिनी

प्रिय भगिनी,

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटच्याला मुदत आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. ही नोकरी घेऊ नये. कारणे मी पुढे सांगणार आहे, कारण नोकरीचा हा प्रश्न आणि धीराचा प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, धीर म्हणजे काय हे आधी नीट पाहिल्याशिवाय माझा नकार तुम्हाला केवळ नीतिपाठासारखा वाटेल. आणि एकोणीस महिने घर सांभाळणाऱ्या बाईला नीतिपाठ देण्याची माझी इच्छा नाही.

चिंतेविषयी. प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै नगरातल्या मंडळीला, ‘कशाविषयीही चिंता करू नका’ असे लिहिले, हे वचन तुमच्यासमोर अनेकांनी धरले असेल. त्याच पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 11व्या अध्यायात आपली दुःखे मोजून दाखवली आहेत. फटके, दगडमार, फुटलेली तारवे, उपासतापास अशी ती यादी आहे आणि तिच्या शेवटी तो सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्याला दररोज ग्रासते असे सांगतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्ही ठिकाणी शब्दाचे मूळ एकच आहे. जो चिंता करू नका म्हणाला, त्याने आपल्याला चिंता आहे हे लपवले नाही. आपल्या माणसांची काळजी वाहणाऱ्या मनाला ओझे वाटणारच. पौल फिलिप्पैकरांना लगेच पुढे जे सांगतो ते त्या ओझ्याचे काय करायचे याविषयी आहे: प्रार्थना व विनंती करून आपली मागणी देवाला कळवा. म्हणून तुमची चिंता हा तुमच्या अविश्वासाचा पुरावा आहे असे मी मानत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता आणि त्याने तीन वेळा त्याच शब्दांत प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो. एकच विनंती पुन्हा पुन्हा करणे, तीही कासावीस होऊन, हे विश्वासाच्या बाहेरचे असते तर प्रभूने ते केले नसते.

आता ‘धीर’ या शब्दाकडे येऊ, कारण माझ्या मते तुमच्या दुःखाचा मोठा भाग या शब्दाच्या चुकीच्या अर्थातून आला आहे. मराठीत आपण ज्याला सरसकट धीर म्हणतो, त्यासाठी याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात, अवघ्या पाच वचनांच्या अंतरात, दोन वेगळे ग्रीक शब्द आले आहेत. शेतकरी पहिल्या व शेवटच्या पावसाची वाट पाहतो, तेथे ‘माक्रोथुमिया’ या शब्दाचे रूप आहे. त्याचा अर्थ राग किंवा उतावीळपणा लांबवर ठेवणे, लवकर पेट न घेणे. पुढे निर्दोष असूनही सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे उदाहरण येते, तेथे शब्द बदलतो आणि ‘हुपोमोने’ येतो, म्हणजे ओझ्याखालीच राहणे, तेथून पळून न जाणे. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ईयोब शांत मुळीच नव्हता. तिसऱ्या अध्यायात तो स्वतःच्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे कित्येक अध्याय तो देवाशी वाद घालतो, त्याला न्यायासनासमोर बोलावू पाहतो, माझा अपराध दाखव म्हणतो. त्याचे मित्र मात्र देवाच्या बाजूने अत्यंत सुसंगत बोलतात. आणि 42व्या अध्यायात देव त्या मित्रांना म्हणतो की, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाही.

हे वाचून कोणाला वाटेल की मी रागाला परवाना देतो आहे. तसे नाही, पण ईयोबाचा राग कोठे गेला हे पाहावे. तो देवाकडे गेला. ईयोबाने देवाकडे पाठ फिरवून शेजाऱ्यापाजाऱ्यांत कुजबूज केली नाही, देवाला सोडून दुसरा आधारही शोधला नाही. जे बोलायचे ते तोंडावर बोलला आणि उत्तर येईपर्यंत जागचा हलला नाही. हुपोमोने म्हणतात ते हेच. तुम्ही ज्याला धीर समजत आहात, म्हणजे आत काहीही न हलणे, तीन वाजता जाग न येणे, कोणाच्या वाक्याने चीड न येणे, तो स्वभावाचा एक गुण आहे. काहींना तो जन्मतः मिळतो आणि ज्यांना मिळतो ते बऱ्याचदा त्यालाच विश्वास समजून बसतात. पवित्र शास्त्र ज्या धीराची अपेक्षा करते तो रडणाऱ्या, संतापलेल्या, थकलेल्या माणसालाही धरता येतो.

दावीदाच्या 13व्या स्तोत्रात अवघी सहा वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. मग काकुळतीची विनंती आहे. आणि पाचव्या वचनात दावीद म्हणतो की, मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. चौथ्या व पाचव्या वचनांच्या मध्ये परिस्थितीत काय बदलले? स्तोत्रात तसे काहीच सांगितलेले नाही. शत्रू होता तेथेच आहे आणि ‘कोठवर’चे उत्तरही आलेले नाही. हे स्तोत्र मंदिरातल्या उपासनेच्या संग्रहात आले, म्हणजे देवाच्या लोकांनी ही तक्रार एकत्र म्हटली. तुम्हाला ज्या रागाची भीती वाटते, त्याच्यासाठी शास्त्राने शब्दसुद्धा तयार ठेवले आहेत. ते वापरा.

एवढे सांगून झाल्यावर, तुम्ही करीत असलेल्या एका गोष्टीला मात्र मी ठामपणे विरोध करतो. ती म्हणजे मुदत. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त टोचले ते हेच. रागापेक्षा आणि चिंतेपेक्षाही हेच.

यिर्मयाच्या 29व्या अध्यायातले 11वे वचन तुमच्या माहितीतल्या कोणत्या ना कोणत्या घराच्या भिंतीवर लावलेले असेल: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे देव म्हणतो. ते वचन बाबेलात हद्दपार होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या अगदी वरच्या, 10व्या वचनात 70 वर्षांचा काळ सांगितलेला आहे. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधीच्या 28व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून दोन वर्षांच्या आत सर्व काही परत येईल असे लोकांना सांगतो. यिर्मया त्यावर आधी काय म्हणतो? ‘आमेन, परमेश्वर असेच करो.’ त्यालाही ते हवेच होते! पण देवाने दोन वर्षे म्हटलेले नव्हते; हनन्याने आपल्या आणि लोकांच्या इच्छेला देवाची तारीख लावली होती, आणि त्याचा संदेश खोटा ठरला.

तुम्ही ईस्टरची किंवा नाताळाची मुदत घालता तेव्हा तुमच्या घरातही हनन्याच बोलत असतो, फक्त हळू आवाजात. देवाने ज्या दिवसाविषयी काहीही सांगितले नाही, त्या दिवसाला तुम्ही त्याचे वचन करून ठेवता आणि तो दिवस मावळला की त्याने वचन मोडल्याचे दुःख करता. एकोणीस महिन्यांत नकार तीन आले. पण तुमच्या मनात ते कितीतरी अधिक आहेत, कारण प्रत्येक टळलेली मुदत तुम्ही त्यात मोजली आहे. कॅथलिक बायबलमध्ये असलेल्या ज्यूडिथच्या ग्रंथातही असाच प्रसंग आहे, तो आपल्यातल्या पुष्कळ प्रोटेस्टंट वाचकांना ठाऊक नसतो. वेढा पडलेल्या बेथुलिया नगरातले वडील लोक, पाच दिवसांत देवाने मदत केली नाही तर नगर शत्रूच्या हवाली करू, असे ठरवतात आणि ज्यूडिथ त्यांना खडसावून विचारते की, देवाची परीक्षा पाहणारे तुम्ही कोण. त्या वडील मंडळींची मला दयाही येते. पाणी संपत आले होते. तरी ज्यूडिथचे बरोबर होते.

यिर्मयाने मग हद्दपार लोकांना काय करायला सांगितले? घरे बांधून त्यांत राहा, बागा लावून त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. घर बांधणारा आणि बाग लावणारा माणूस ‘सुटका झाली की जगायला सुरुवात करू’ असे म्हणत नाही. तुमच्या पत्रात नोकरी, मुलाखती, मुदती आणि रात्र आहे. मुलीचा उल्लेख केवळ मुदत म्हणून आला आहे. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, पण जरा पाहा: या एकोणीस महिन्यांत जे केवळ ‘नोकरी लागल्यावर’ म्हणून पुढे ढकलले गेले, त्यातले काय आजच, याच परिस्थितीत, पैसा न लागता करता येण्यासारखे आहे? मराठीत आपण कशाची तरी वाट पाहतो तशीच कोणाची तरीही वाट पाहतो. नोकरीची वाट पाहणाऱ्याचा नोकरी नसलेला प्रत्येक दिवस वाया जातो. स्तोत्रकर्ता मात्र वारंवार परमेश्वराचीच वाट पाहायला सांगतो, आणि परमेश्वर तर आजच्या दिवसातही भेटतो.

आता रोज करायचे काय. मला स्वतःला येथे रानातल्या मान्न्याची, म्हणजे देवाने इस्राएल लोकांना रोज पुरवलेल्या अन्नाची, गोष्ट सर्वांत उपयोगी पडत आली आहे. निर्गमच्या 16व्या अध्यायात लोकांनी रोज त्या दिवसापुरता मान्ना गोळा करायचा होता. काहींनी उद्यासाठी ठेवला तेव्हा त्यात किडे पडले आणि त्याला दुर्गंधी सुटली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करायची आज्ञा होती, कारण सातवा विसाव्याचा होता, आणि तेव्हा मात्र तो नासला नाही. म्हणजे देवाने पुढचा विचार करायला बंदी घातली असे नाही. त्यासाठी त्याने एक ठरावीक दिवस दिला. म्हणून रात्री तीनचा हिशेब दिवसा आणा. आठवड्यातला एक दिवस आणि एक तास ठरवा, दोघांनी वही घेऊन बसा, जमा, खर्च, देणी, कोठे अर्ज करायचे, कोणाला भेटायचे, हे सगळे कागदावर मांडा आणि तास संपला की वही मिटा. रात्री जाग आली आणि मन हिशेबाला लागले की त्याला एवढेच सांगायचे: याची वेळ शनिवारी आहे, किंवा तुम्ही जो दिवस ठरवाल तो. पहिले काही आठवडे मन ऐकणार नाही. तरी सांगत राहायचे, आणि त्या वेळी म्हणण्यासाठी एखादे लहान स्तोत्र पाठ करून ठेवायचे. 13वे चालेल, 131वे त्याहून लहान, तीनच वचनांचे आहे.

सकाळची प्रार्थनाही थोडी बदलून पाहा. मोठी विनंती एकाच वाक्यात, नाव घेऊन, स्पष्ट सांगा: प्रभू, यांना प्रामाणिक काम दे. त्यानंतर आजच्या दिवसाला जे लागणार आहे तेवढेच मागा. कामावर शांत डोके लागेल, मुलीशी बोलताना वेळ लागेल, यजमानांना आज ज्या माणसाला फोन करायचा आहे त्यासाठी थोडे धैर्य लागेल. संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर तारीख घालून, त्यातले काय मिळाले ते लिहा. मिळाले नसेल तर तसे लिहा. येथे खोटे लिहू नये, देवाची बाजू राखण्यासाठी तर मुळीच नको. काही महिन्यांनी हे पान चाळताना तुम्हाला जे दिसेल ते तुम्हाला कोणाच्या साक्षीपेक्षा अधिक उपयोगी पडेल, कारण ते तुमच्या स्वतःच्या हस्ताक्षरात असेल.

चिंता टाकून अर्ध्या तासात उचलून घेण्याविषयी तुम्ही अपराधीपणाने लिहिले आहे. मला त्यात अपयश दिसत नाही. दिवसातून वीस वेळा उचलली तर वीस वेळा परत द्यावी. लूकच्या 18व्या अध्यायातल्या विधवेची ख्याती ती एकदाच जाऊन निश्चिंत घरी बसली यासाठी नाही. न्याय मागायला ती न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली, आणि न खचता सर्वदा प्रार्थना करावी हे शिकवण्यासाठीच प्रभूने तिचा दाखला दिला. तुम्ही ज्याला परत उचलणे म्हणता ते माणसाच्या मनाचे होणारच आहे. रोजचा सराव परत देण्याचा आहे.

झोपेविषयी एक गोष्ट थोडक्यात. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत झोपला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि परत उठवून खायला दिले. संभाषण त्यानंतर पुष्कळ पुढे, होरेब डोंगरावर झाले. तुमची झोप कित्येक महिने मोडलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि त्याला अविश्वास समजू नका.

वाट पाहणे आणि हातावर हात ठेवून बसणे यांत मी स्वतः एकदा मोठी गल्लत केली आहे. माझ्या धाकट्या भावाचे आणि माझे अकरा वर्षे बोलणे नव्हते. देवाने त्याचे मन बदलावे म्हणून मी जवळजवळ रोज प्रार्थना करीत असे आणि आपण फार धीराने वाट पाहत आहोत असे मला खरोखरच वाटत असे. अकराव्या वर्षी एका संध्याकाळी माझ्या लक्षात आले की, या सगळ्या काळात मी त्याला एक ओळही लिहिलेली नव्हती. पाळक असून! मी पत्र लिहिले, क्षमा मागितली. उत्तर आठ महिन्यांनी आले, दोन ओळींचे, आणि त्यातली एक ओळ हवापाण्याविषयी होती. ते आठ महिने मात्र मी खऱ्या अर्थाने वाट पाहिली, कारण माझ्या हातात होते ते करून झाले होते. तुमच्या यजमानांनी अर्ज करणे, नवे काम शिकणे, मिळेल ते लहान काम स्वीकारणे, ओळखीच्यांना सांगताना संकोच न करणे, हे सगळे धीराच्या आतच येते. शत्रू चालून येणार असे कळल्यावर यरुशलेमेचा तट बांधणाऱ्या नहेम्याने देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत.

आता ती नोकरी. पहिल्या शमुवेलाच्या 13व्या अध्यायात शौल राजा गिलगाल येथे शमुवेल संदेष्ट्याची सात दिवस वाट पाहतो. शत्रू जमला आहे, सैन्य पांगत चालले आहे आणि शमुवेल येत नाही. मग जो होमबली शमुवेलाने अर्पण करायचा होता तो शौल स्वतःच अर्पण करतो, आणि अर्पण संपते न संपते तोच शमुवेल येऊन पोहोचतो. शौलाने दिलेली कारणे नीट वाचा: लोक पांगत होते, तुम्ही ठरल्या वेळी आला नाही, पलिष्टी एकत्र झाले होते. यातले एकही कारण खोटे नाही. तो थोडाथोडका थांबला नव्हता, सात दिवस थांबला होता. तुमचे एकोणीस महिनेही खरे आहेत, चणचण खरी आहे, आणि म्हणूनच ‘आता देवालाही समजेल’ हा विचार या घडीला इतका रास्त वाटतो. धीर सुटतो तो बहुधा असा, खऱ्या कारणांच्या आधाराने.

‘दार उघडले आहे’ या युक्तिवादाविषयी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना माझा आदरपूर्वक विरोध कळवा. देवापासून पळून जाणारा योना याफोला गेला तेव्हा त्याला तार्शीशला जाणारे तारू तयारच सापडले, भाडेही त्याच्यापाशी होते. त्यापेक्षा उघडे दार कोणते? दावीदाचा तर प्रसंग याहून कठीण होता. पुढचा राजा म्हणून शमुवेलाने त्याचा अभिषेक केलेला होता, म्हणजे देवाचे वचन त्याच्यापाशी होते; आणि त्याचा जीव घ्यायला निघालेला शौल एकटाच त्याच गुहेत आला, जिच्यात दावीद लपला होता. दावीदाची माणसे म्हणाली, परमेश्वराने सांगितलेला दिवस हाच. त्याने शौलाच्या झग्याचा काठ तेवढा कापला आणि त्याचेही त्याच्या मनाला लागले. वचन खरे होते, संधी समोर होती, सोबतच्या लोकांनी तिला देवाचे नाव दिले होते, आणि तरीही ती संधी घ्यायची नव्हती, कारण त्यासाठी जे करावे लागणार होते ते देवाने मना केलेले होते. संधी देवाकडची आहे की नाही हे ती किती वेळेवर आली यावरून ठरत नाही. आत गेल्यावर काय करावे लागणार आहे यावरून पुष्कळसे ठरते. न आलेल्या मालावर ‘माल मिळाला’ अशी सही करणे म्हणजे खोटी साक्ष आहे. शिवाय, व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तरी, त्या कागदावर नाव तुमच्या यजमानांचे असेल, मालकांचे नसेल. प्रकरण बाहेर आले की जबाब त्यांनाच द्यावा लागेल. त्या गृहस्थांनी हे आधीच मोकळेपणाने सांगितले, याबद्दल मात्र त्यांचे आभार मानायला हवेत.

नकार कळवताना त्यांना उपदेश करू नये. पावत्यांचे काम सोडून दुसरे एखादे काम असेल तर ते आनंदाने करीन, एवढे यजमानांनी म्हणून पाहावे. बहुधा ते नाही म्हणतील. म्हटले तर म्हटले. आणि या नकाराचे बक्षीस म्हणून पुढच्या महिन्यात दुसरी नोकरी येईल, अशी अपेक्षा मनात धरू नका. ती पुन्हा मुदतच होईल. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारी व्यथा, निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि त्याला कृपा मिळाली, काटा मात्र राहिला. तुमच्या बाबतीत काय होईल हे मला सांगता येत नाही, आणि सांगण्याचा आव आणणाऱ्यापासून सावध राहा असेच मी म्हणेन.

मंडळीतल्या लोकांच्या ‘धीर धरा’विषयी फार बोलत नाही. त्यातले बरेच जण काय बोलावे न सुचल्यामुळे तसे बोलतात. ईयोबाच्या मित्रांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. मंडळीत असे गप्प बसू शकणारे एखादे माणूस तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याला किंवा तिला घरची खरी स्थिती सांगा, पैशाची चणचणसुद्धा. एकमेकांची ओझी वाहा असे गलतीकरांस लिहिले आहे, आणि जे ओझे दाखवलेच नाही ते कोणी उचलणार कसे?

शेवटी यजमानांविषयी, आणि हे मी सर्वांत काळजीने लिहितो आहे. तीन वेळा दारापर्यंत जाऊन परत आलेल्या माणसाला तुम्ही त्याचा विश्वास उणा असल्याचे सांगितले. ईयोबाचे मित्र थोड्याफार फरकाने हेच म्हणाले होते. यजमान काही बोलले नाहीत याचा अर्थ त्यांनी ते मानले नाही असा होत नाही; कदाचित मानलेच असेल, आणि म्हणून तुम्ही ते परत घेतले पाहिजे, स्पष्ट शब्दांत, नुसते वागण्यातून नव्हे. ‘मी त्या दिवशी बोलले ते चुकीचे होते आणि मला क्षमा करा’ एवढे पुरे. त्याला ‘पण’ जोडू नका. नोकरीला नकार द्यायचा निर्णय त्यानंतर दोघांनी मिळून घ्या, कारण सही त्यांची जाणार होती तसा नकारही त्यांचा असायला हवा. दहा दिवसांतले काही तुमचे पत्र पोहोचेपर्यंत गेले असतील. हे वाचाल त्याच संध्याकाळी, मुलगी अभ्यासाला बसली की, त्यांच्याशी बोला.

तुमचा,
सदरलेखक